चंद्रावरून परतणारी कुपी बुडाच्या बाजूने का येते, आणि तिघे जण तिच्यात राहत तरी कसे?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या सातवीतल्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी अपोलोच्या चांद्रमोहिमेची चित्रमालिका काढली आहे. चित्रे सुरेख आहेत. मात्र शेवटच्या चित्रात कमांड मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीर ज्यात बसून पृथ्वीवर परतत असत ती शंकूच्या आकाराची कुपी, टोक खाली करून भाल्यासारखी समुद्राकडे झेपावताना दाखवली आहे आणि ज्वाळा त्या टोकापासून मागे गेलेल्या आहेत. कुपी प्रत्यक्षात बूड पुढे करून येत असे एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी तिला चित्र उलटे करायला सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मग मॅडम, टोक दिलंय कशाला? परात पुढे धरून कुणी धावतं का?" बोथट बाजूमुळे कुपी कमी तापते असे उत्तर मी दिले खरे, पण ते तिला पटले नाही, आणि ते बरोबर का आहे हे मलाही नीट उलगडलेले नाही.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. ११० मीटर उंचीचा सॅटर्न ५ अग्निबाण निघतो आणि परत येते ती जेमतेम दोन माणसांच्या उंचीची कुपी. तिच्यातच तिघे जण आठ-दहा दिवस, शेवटच्या मोहिमेत तर बारा दिवसांहून अधिक, जेवले, झोपले, आणि तिथूनच त्यांनी यान चालवले. एवढा प्रचंड अग्निबाण उभारणाऱ्यांना राहण्यासाठी एक वेगळी खोली जोडणे जड होते का? राहणे, काम करणे आणि परतणे ही तिन्ही कामे एकाच खोलीवर का सोपवली गेली?

सूत्रे न वापरता, सातवीच्या वर्गात सांगता येईल अशा भाषेत कुणी समजावले तर आभारी राहीन.

भट्टीवाला

आपल्या विद्यार्थिनीची शंका अगदी रास्त आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत भल्याभल्या अभियंत्यांनाही असेच वाटत होते की जितका वेग जास्त तितके टोक अणकुचीदार हवे. माझी सगळी नोकरी पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटांमध्ये गेली, त्यामुळे उष्णता कशी अडवायची हा माझ्या पोटापाण्याचाच विषय होता; म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी वेग लक्षात घ्यावा. चंद्राकडून परतणारी कुपी वातावरणाच्या वेशीवर येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर असतो, म्हणजे मुंबईहून पुण्याला पोहोचायला तिला पंधरा सेकंदही लागणार नाहीत. साडेपाच टनांच्या वस्तूला एवढा वेग असेल तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ९२,००० युनिट विजेइतकी भरते. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला ती अडतीस वर्षे पुरेल. ही सगळी ऊर्जा पाव तासाच्या आत कुठेतरी गेली पाहिजे. इंजिन उलटे चालवून वेग मारायचा तर त्यासाठी लागणारे इंधन चंद्रापर्यंत नेऊन परत आणावे लागेल, आणि ते अशक्यच आहे. उरतो तो एकच फुकटचा ब्रेक, तो म्हणजे हवा.

आता प्रश्न असा की ती उष्णता कुणाच्या वाट्याला यावी, कुपीच्या की हवेच्या? पुराच्या वेळी पुलाच्या रुंद दगडी खांबापुढे पाणी कसे फुगते ते मुलांनी पाहिलेले असते. खांबाला भिडण्याआधीच पाण्याची एक भिंत उभी राहते आणि लोंढा दोन्ही अंगांनी फाकून निघून जातो. त्याच पाण्यात कोयता धरला तर पाणी पात्याला घासूनच चिरत जाते. बोथट बुडाच्या पुढे हवेची अशीच भिंत उभी राहते. हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही, ती दाबली जाते, आणि दाबल्यामुळेच ती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापते. हवा घासल्यामुळे यान तापते असे आपण सर्रास म्हणतो, पण मुख्य कारण घर्षण नसून हा दाब आहे. ही तापलेली भिंत बुडापासून थोडे अंतर राखून उभी असते आणि तिच्यातली बहुतेक उष्णता बाजूंनी वाहून मागे सुटून जाते. टोकदार यानात मात्र ती भिंत टोकाला येऊन चिकटते, आणि टोक वितळून जाते. तेव्हा मुलीला सांगावे की इथे हवा कापायचीच नाही, हवेने आपल्याला अडवावे अशीच इच्छा आहे, आणि त्या कामाला परातीसारखे दुसरे काही नाही. हा उलटा विचार प्रथम नीट मांडला तो अमेरिकेच्या नाका या संस्थेतील एच. ज्युलियन ॲलन यांनी. (संस्थेचे नाव खरोखरच नाका आहे; पुढे तिचीच नासा झाली.) क्षेपणास्त्रांच्या टोकांसाठी केलेले ते काम काही वर्षे गुप्त ठेवले गेले होते.

मग टोक कशासाठी? टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती बुडाच्या आडोशाला राहतात, त्यामुळे तापलेला झोत त्यांना थेट लागत नाही. टोकात पॅराशूट आणि चंद्रावर उतरणाऱ्या दुसऱ्या यानात जाण्याचा बोगदा बसवलेला असे. उड्डाणाच्या वेळीही ते टोक हवा कापत नव्हते, कारण तेव्हा सगळ्या कुपीवर एक झाकण असे आणि त्याच्या वर संकटात कुपी ओढून नेणारा छोटा अग्निबाण असे.

राहिलेली उष्णता बुडावरचे कवच झेलते. अपोलोसाठी अॅव्हकोट नावाचा राळेसारखा पदार्थ वापरला होता, जो जळत जातो आणि जळताना उष्णता घेऊन निघून जातो. तो मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीत भरलेला असे, आणि त्या जाळीची सुमारे ३,७०,००० घरे कामगारांनी हातातल्या पिचकारीने एकेक करून भरली. नंतर क्ष-किरणांनी तपासणी करून जिथे पोकळी राहिली असेल ते घर कोरून पुन्हा भरत. आमच्याकडे भट्टीच्या अस्तरात एक फट राहिली तर काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे, त्यामुळे हे वाचताना त्या कामगारांबद्दल मला फार आपुलकी वाटते. कवचाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २,७०० अंश सेल्सियसपर्यंत जाई, आणि त्याच्या पलीकडे काही सेंटीमीटरवर माणसे साध्या तापमानात बसलेली असत.

अजून दोन गोष्टी मुलांना नक्की आवडतील. पहिली अशी की कुपी दगडासारखी नुसती पडत नसे. तिचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला होता, त्यामुळे ती हवेत थोडी तिरपी राही आणि तिला किंचित उचल मिळे. छोट्या झोतयंत्रांनी कुपी स्वतःभोवती फिरवली की त्या उचलीची दिशा बदले, आणि अशा रीतीने ती हाकता येत असे. हे आवश्यकच होते, कारण वातावरणात शिरण्याचा क्षितिजाशी होणारा कोन साडेसहा अंशांच्या आसपासच हवा. मार्ग जास्त आडवा झाला तर कुपी वातावरणावरून सटकून पुन्हा बाहेर जाई, जास्त उभा झाला तर उष्णता आणि दाब दोन्ही असह्य होत. दुसरी गोष्ट आसनांची. उड्डाणाच्या वेळी टोक पुढे असते आणि अंतराळवीर पाठीवर पडलेले असतात, त्यामुळे जोर पाठीकडे दाबतो. परत येताना कुपी उलटी फिरून बूड पुढे करते, म्हणून मंदावताना बसणारा सहा-सात पट वजनाचा दाबही पुन्हा पाठीकडेच येतो. आसन एकच, फिरवाफिरव काहीच नाही. सपाट बुडाचा हा फायदा माझ्या मते सर्वांत देखणा आहे.

टेम्सकाठ

मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो. इथल्या विज्ञान संग्रहालयात अपोलो १० ची कुपी ठेवलेली आहे, आणि घरी पाहुणे आले की तिच्यापुढे त्यांना उभे करण्याचा मला छंदच आहे. मे १९६९ मध्ये चंद्राभोवती फिरून परतताना या कुपीने ताशी ३९,८९७ किलोमीटर वेग गाठला होता. लोक चकचकीत यंत्र पाहायला मिळेल या अपेक्षेने येतात, आणि समोर असते ते तव्यावर करपलेल्या भाकरीच्या रंगाचे धूड. कवचाच्या पृष्ठभागाकडे निरखून पाहिले की भट्टीवाला यांनी लिहिलेली पोळ्यासारखी घरे ओळखू येतात.

राहण्याविषयी सांगायचे तर तिच्यातली मोकळी जागा सुमारे ६ घनमीटर होती. आपल्याकडची दहा बाय दहाची खोली घ्यावी आणि तिचे छत मांडीपर्यंत खाली आणावे, म्हणजे तेवढी जागा होईल. आणि ती तिघांत मिळून. मात्र वजन नसल्यामुळे त्या जागेचा वरचा, खालचा, कोपऱ्यातला प्रत्येक भाग कामी येतो. मधले आसन मिटवून ठेवले की पायांकडच्या भागात उभे राहता येत असे. तिथेच ताऱ्यांचे वेध घेण्याचा सेक्स्टंट आणि दुर्बीण होती. डाव्या-उजव्या आसनांखाली झोपण्याच्या पिशव्या ताणून बांधलेल्या असत. अपोलो ७ मध्ये, ऑक्टोबर १९६८ मध्ये, पाळ्या लावून झोपण्याचा प्रयोग झाला आणि तो कुणालाच मानवला नाही, कारण एक जण जागा असला की इतक्या जवळ दुसऱ्याला झोप लागणे कठीण. त्यातच सर्दी झाली. वजनरहित अवस्थेत नाक वाहत नाही, सर्दी डोक्यातच साचून राहते, आणि अकरा दिवसांच्या त्या प्रवासात तिघांचा जमिनीवरच्या नियंत्रकांशी चांगलाच खटका उडाला. परततानाही शिरस्त्राण घातले तर नाक शिंकरता येणार नाही म्हणून त्यांनी ते घालायला सपशेल नकार दिला.

स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून आलेला गरम पाण्याचा एक नळ आणि थंड पाण्याची पिचकारी. आधीच्या जेमिनी यानांत गरम पाणी नव्हतेच, त्यामुळे ही मोठी चैन होती. वाळवलेल्या अन्नाच्या पिशवीत पाणी सोडायचे, मळायचे आणि खायचे. हे पाणी पृथ्वीवरून भरून नेलेले नसून सर्व्हिस मॉड्यूलमधील, म्हणजे कुपीच्या मागे जोडलेल्या इंजिन आणि यंत्रसामग्रीच्या भागातील, इंधनघटांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होताना मिळत असे. म्हणजे दिवा लावला की प्यायचे पाणी आपोआप तयार! त्यात हायड्रोजनचे बुडबुडे राहत आणि त्याने पोट फुगे, आणि रोज त्यात क्लोरीन मिसळावे लागे, म्हणून चवही यथातथाच होती. शौचाची सोय म्हणजे कडेला चिकटपट्टी असलेली पिशवी. ती अंगाला चिकटवायची, नंतर आत जंतुनाशक टाकून हाताने मळायची आणि कप्प्यात ठेवून पृथ्वीवर परत आणायची. लघवी मात्र बाहेर सोडत, आणि तिचे कण क्षणात गोठून सूर्यप्रकाशात चमकत. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे दर बारा तासांनी आलटून पालटून बदलावे लागत, तेव्हा घरकामही होतेच.

आणि हे सगळे करताना घर सतत फिरत असे. एक बाजू उन्हात भाजू नये आणि दुसरी गोठू नये म्हणून चंद्राच्या वाटेवर यान साधारण वीस मिनिटांत एक फेरी अशा संथ गतीने स्वतःभोवती फिरवत. अंतराळवीर त्याला शेगडीवर सळईत फिरणाऱ्या मांसाची उपमा देत.

कामाच्या जागी चूक झाली तर काय होते याचे उदाहरण अपोलो ८ मध्ये सापडते. परतीच्या वाटेवर जिम लव्हेल यांना संगणकाला तारा क्रमांक ०१ सांगायचा होता, त्याऐवजी त्यांनी कार्यक्रम क्रमांक ०१ सुरू केला. संगणकाची समजूत झाली की आपण अजून उड्डाणाच्या फलाटावरच उभे आहोत, आणि यान कोणत्या दिशेला वळलेले आहे ही माहिती तो विसरला. लव्हेल यांनी सेक्स्टंटला डोळा लावून, तारे पुन्हा शोधून त्याला ती शिकवली.

दोघे जण चंद्रावर उतरलेले असताना तिसरा या खोलीत एकटा राही. अपोलो ११ च्या वेळी मायकेल कॉलिन्स दर दोन तासांच्या फेरीत सुमारे ४८ मिनिटे चंद्रामागे असत आणि तेवढा वेळ रेडिओ बंद असे. त्यांची कोलंबिया ही कुपी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. २०१६ मध्ये तिचे आतून त्रिमितीय चित्रण केले तेव्हा भिंतींवर हाताने लिहिलेले आकडे दिसले, एका कप्प्यावर आत घाण वासाचा कचरा असल्याची सूचना दिसली, आणि एका दारावर आखलेले छोटे कॅलेंडर सापडले. त्यात मोहिमेचा प्रत्येक दिवस फुलीने खोडलेला आहे, फक्त समुद्रात उतरण्याचा शेवटचा दिवस तेवढा खोडायचा राहिला. आपल्या विद्यार्थिनीला चित्रमालिकेत एखादे आतले चित्र वाढवायचे असेल, तर मी हे कॅलेंडर सुचवेन.

जुनी कात्रणे

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून सगळे असेच असायला हवे होते असा समज होण्याचा धोका आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. आपला दुसरा प्रश्न, वेगळी खोली का नाही, हा त्या काळातही विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर सर्वांनी सारखे दिलेले नाही.

भौतिकशास्त्र एवढेच सांगते की परत येणारा भाग बोथट असावा. तो मोठा असावा असे ते सांगत नाही. उलट, परत येणाऱ्या प्रत्येक घनमीटरला कवच लागते, पॅराशूट लागते, आणि ते वजन चंद्रापर्यंत वाहून न्यावे लागते. सोव्हिएत अभियंत्यांनी हाच हिशेब मांडून सोयूझ यानाचे तुकडे केले: राहण्याची गोल खोली वेगळी, परतीची कुपी वेगळी आणि यंत्रसामग्री वेगळी. परतीची कुपी अवघी २.२ मीटर व्यासाची, तर अपोलोची ३.९ मीटरची. राहण्याची खोली परतताना टाकून दिली जाते आणि ती वातावरणात जळून जाते. अमेरिकेतही जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६१ मध्ये अपोलोसाठी जवळपास अशीच रचना सुचवली होती. नासाने मात्र मॅक्स फॅजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेला एकाच खोलीचा शंकू पसंत केला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तो बांधण्यासाठी नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीची निवड केली.

येथे तारखा महत्त्वाच्या आहेत. चंद्रावर वेगळे छोटे यान उतरवायचे हा निर्णय जाहीर झाला जुलै १९६२ मध्ये, म्हणजे कमांड मॉड्यूलचे काम दिल्यानंतर सात-आठ महिन्यांनी. तोपर्यंतच्या कल्पनेनुसार हीच कुपी, पाठीमागच्या सर्व्हिस मॉड्यूलसह, चंद्रावर उतरणार आणि तिथून उडणार होती. सर्व्हिस मॉड्यूलचे मुख्य इंजिन चंद्रावरून हे सगळे वजन उचलण्याच्या हिशेबाने ठरवले गेले आणि पुढे ते काम राहिले नाही तरी इंजिन तेवढेच राहिले, म्हणून ते गरजेपेक्षा बरेच दांडगे होते. पहिल्या आवृत्तीच्या कुपीत तर दुसऱ्या यानात जाण्याचा बोगदाच नव्हता. तो दुसऱ्या आवृत्तीत आला. तेव्हा एकाच खोलीवर सगळी कामे का, याचे निम्मे उत्तर असे की खोलीचा नकाशा मंजूर झाला तेव्हा मोहिमेचा नकाशा पक्का झालेला नव्हता. घर आधी बांधले आणि कुटुंब नंतर ठरले, असा हा प्रकार आहे.

सोव्हिएत कुपीचा उल्लेख आलाच आहे तर आपल्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे अपोलो ८ च्या तीन महिने आधी, झोंड ५ नावाचे सोव्हिएत यान दोन कासवे आणि इतर काही जीव घेऊन चंद्राला वळसा घालून परतले. दोन टप्प्यांत, हलकेच वातावरणात शिरण्याचा बेत साधला नाही, कुपी सरळ घुसली आणि २१ सप्टेंबरला हिंदी महासागरात पडली. सोव्हिएत जहाजांनी ती उचलली, मुंबई बंदरात आणली आणि तिथून विमानाने मॉस्कोला नेली. चंद्राभोवती जाऊन आलेले पृथ्वीवरचे पहिले प्राणी ज्या कुपीतून परतले, ती अशी मुंबईतून गेली आहे.

भट्टीवाला

जुनी कात्रणे यांचा मुद्दा मान्य आहे, आणि इंजिनाचा इतिहास मी विसरलो होतो हेही कबूल करतो. तरीही एकाच खोलीच्या बाजूने एक गोष्ट मांडावीशी वाटते. यानाचे बाकी सगळे भाग निकामी झाले तरी चालेल, ही एक खोली वाचली पाहिजे, या नियमाने अपोलोचा सगळा प्रवास बांधलेला होता, आणि तो नियम एकदा खरोखर कसाला लागला.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या सर्व्हिस मॉड्यूलमधली ऑक्सिजनची टाकी फुटली आणि इंधनघट बंद पडत गेले. चंद्रावर उतरायचे यान, ल्युनर मॉड्यूल, धडधाकट होते आणि तिघे त्यात जाऊन राहिले. म्हणजे ज्या वेगळ्या खोलीबद्दल आपण बोलत आहोत ती त्यांना अपघातानेच मिळाली. पण त्या यानाला उष्णतारोधक कवच नव्हते. त्याच्या भिंती काही ठिकाणी जाड कागदाइतक्याच होत्या. पृथ्वीवर परतणे शक्य होते ते फक्त कमांड मॉड्यूलमधून, आणि त्याच्याकडे परतीसाठी राखलेल्या तीन बॅटऱ्यांखेरीज वीज नव्हती. म्हणून ते तीन दिवसांहून अधिक काळ पूर्ण बंद करून ठेवले. आतले तापमान तीन-चार अंशांवर आले आणि यंत्रफलकांवर दव साचले. एका बॅटरीतली खर्च झालेली वीज ल्युनर मॉड्यूलमधून भरून काढली. थंडगार यान अवकाशात नव्याने सुरू करण्याची क्रिया कुठल्याही पुस्तिकेत नव्हती; ती जमिनीवर त्या तीन दिवसांत लिहिली गेली आणि रेडिओवरून एकेक ओळ वाचून दाखवून वर उतरवून घेतली गेली. १७ एप्रिलला कुपी सुखरूप समुद्रात उतरली.

ओल्या फलकांत वीज सोडल्यावर शॉर्ट सर्किट कसे झाले नाही, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडतोच. त्याचे उत्तर तीन वर्षे मागे आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ च्या कुपीत आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे मृत्युमुखी पडले. आत शुद्ध ऑक्सिजन होता, आणि तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला. भट्टीवर काम केलेल्या कोणालाही हे वाचून अंगावर काटा येईल, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये एरवी न पेटणाऱ्या वस्तूही भडकतात. दार आतल्या बाजूला उघडणारे होते, आणि आतला दाब वाढल्यावर ते माणसाच्या ताकदीने उघडणे शक्यच नव्हते. त्यानंतर दार बाहेर उघडणारे आणि काही सेकंदांत उघडता येईल असे केले, जमिनीवर आतल्या हवेत ४० टक्के नायट्रोजन मिसळला, जळणाऱ्या वस्तू काढून टाकल्या आणि सगळ्या तारांना नीट आच्छादन दिले. अपोलो १३ च्या ओल्या फलकांमागे तेच आच्छादन होते.

नासाच्या ओरायन या नव्या चांद्रयानातही परतीची कुपी बोथट शंकूचीच आहे. व्यास पाच मीटर, चौघांची सोय, आणि वीज युरोपने बांधलेल्या सर्व्हिस मॉड्यूलच्या सौरपंखांतून. कवचाचा पदार्थही अॅव्हकोटच आहे, फक्त घरे हाताने भरण्याऐवजी त्याचे तयार ठोकळे चिकटवले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस १ मोहिमेतून ते माणसांविना परतले तेव्हा शंभराहून अधिक ठिकाणी कवचाचे तुकडे निघालेले आढळले, कारण जळताना तयार झालेला वायू आतच कोंडून राहिला. अस्तराच्या मागे वाफ अडकली की वीट फुटते, हे आमच्या भट्टीवरचा नवशिक्या मुकादमही सांगू शकला असता. मात्र ती वाफ नेमकी कोणत्या क्षणी अडकेल हे आम्हालाही वीट फुटल्यावरच कळत असे.

आपल्या गगनयानाची कुपीही बोथट बाजूनेच परतणार आहे. ती पृथ्वीजवळच्या कक्षेतून, सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येणार असल्यामुळे तिच्या वाट्याला दर किलोमागे चंद्रावरून येणाऱ्या कुपीच्या निम्मीच ऊर्जा येते.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. पुलाच्या खांबाचे उदाहरण वर्गात लगेच समजले. आमच्या गावची नदी पावसाळ्यात पुलाला लागते, त्यामुळे कुणालाच कल्पना करावी लागली नाही. एका मुलाने तर खांबाच्या पुढे पाण्यात भोवरा होतो तसा हवेतही होतो का, असे विचारले, आणि तो प्रश्न मी तूर्त वहीत लिहून ठेवला आहे. जिने चित्र काढले तिने ज्वाळा खोडून बुडाकडे घेतल्या आहेत आणि कॅलेंडरचे चित्र वाढवले आहे. तीन पॅराशूट तिने दोऱ्याने चिकटवली आहेत. दोन पुरली असती का, असे ती विचारते. तिचा दुसरा प्रश्न असा की कुपी पाण्यात पडल्यावर टोक वर राहते की खाली. मला वाटते वरच राहत असावे, पण आता खात्रीने काही सांगण्याची माझी हिंमत नाही.

टेम्सकाठ

दोन पुरतात, आणि ते प्रत्यक्ष सिद्धही झाले आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ च्या तीन मुख्य पॅराशूटांपैकी एक मिटले. कुपी थोडी जोरात आदळली, पण तिघेही सुखरूप होते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र आपण जपून बोललात ते बरे केले. कुपी पाण्यात दोन्ही प्रकारे स्थिर तरंगू शकत असे, टोक वर करून किंवा टोक खाली करून, आणि लाट किंवा वाऱ्याने भरलेले पॅराशूट तिला सहज उलटवू शकत असे. तसे झाले तर अंतराळवीर पट्ट्यांना उलटे लोंबकळत राहत. त्यासाठी टोकापाशी तीन पिशव्या ठेवलेल्या असत. त्या हवेने फुगवल्या की कुपी काही मिनिटांत सुलटी होई. अपोलो ११ ची कुपी २४ जुलै १९६९ रोजी पॅसिफिक महासागरात पडली ती आधी उलटीच झाली होती. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीने पहिले चित्र फाडले नसेल तर ते जपून ठेवायला सांगावे. ज्वाळा पुसल्या आणि खाली पाणी काढले, की ते चित्र अपोलो ११ च्या समुद्रातल्या पहिल्या काही मिनिटांचे म्हणून बरोबर ठरेल.